मुलाला डब्ल्यूएचएलच्या टीमकडून विचारणा आली आहे. आइस हॉकीतलं करिअर प्रत्यक्षात कसं असतं?

कॅलगरीकर_बाबा:

नमस्कार मंडळी,

मुलगा १४ वर्षांचा आहे. इथे कॅलगरीत यू-१५ ट्रिपल ए मध्ये, म्हणजे १५ वर्षांखालच्यांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिफेन्सला खेळतो. आम्ही मूळचे नाशिकचे, मी पाइपलाइन कंपनीत इंजिनिअर आणि बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आमच्या दोघांच्या घरात कुणी कधी स्केट पायात घातले नव्हते. हा पाच वर्षांचा असताना शेजारच्या मुलाबरोबर कम्युनिटी सेंटरच्या उघड्या रिंकवर जायला लागला, आणि तेव्हापासून आमचे शनिवार-रविवार रिंकवरच जातात.

गेल्या महिन्यात डब्ल्यूएचएलच्या, म्हणजे इथल्या १६ ते २० वयाच्या मुलांच्या ज्युनिअर लीगच्या, दोन टीमकडून प्रश्नावली आली. उंची, वजन, शाळेतले मार्क, इतकंच काय, आईवडिलांची उंचीसुद्धा विचारली आहे. कोच म्हणतात मे महिन्यातल्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने मुलं निवडतात तो) मधल्या फेऱ्यांत याचं नाव येईल. पाठोपाठ एका 'फॅमिली अ‍ॅडव्हायझर'चा फोन आला, मुलाला पुढे एजंट लागेलच तर आत्तापासून आमच्याबरोबर या म्हणून.

बायकोचं म्हणणं, सोळाव्या वर्षी मुलाला परक्या घरात ठेवणार नाही, दहावी-अकरावी-बारावी घरातूनच होईल. मुलगा म्हणतो, मग मी इतकी वर्षं पहाटे पाचला कशासाठी उठलो? दोघांचंही मला पटतं, त्यामुळे मी अडकलोय.

टीव्हीवर एनएचएल, म्हणजे सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, दिसते. त्याखाली काय आहे ते कुणी सांगेल का? मुलं कुठून कुठे जातात, किती वर्षं खेळतात, पैसा काय मिळतो, आणि नाही जमलं तर पंचविशीत हातात काय उरतं? ऑफिसातले गोरे मित्र "हॅव फन" म्हणून विषय संपवतात. आपल्या माणसाकडून ऐकायचंय.

प्रेअरीतली_मावशी:

दादा, मी सस्कॅचेवानमधल्या एका लहान शहरात राहते. नाव देत नाही, कारण इथे टीम एकच आहे आणि मी ज्या मुलांबद्दल लिहिणार आहे ती लगेच ओळखू येतील. आम्ही दोघं बरीच वर्षं टीमच्या मुलांसाठी बिलेट आहोत. म्हणजे बाहेरगावहून आलेल्या खेळाडूंपैकी एक, कधी दोन, सप्टेंबरपासून हंगाम संपेपर्यंत आमच्या घरी राहतात. टीम महिन्याला ठराविक रक्कम देते, ती किराण्यातच जाते. मला हॉकीतलं तंत्र फारसं कळत नाही. मुलं मात्र कळतात, आणि तुमचा प्रश्न मुलाबद्दलच आहे.

आधी एक धास्ती काढून टाकते. मे महिन्यात ड्राफ्ट झाला म्हणजे सप्टेंबरात मुलगा घर सोडतो असं नाही. ड्राफ्टमुळे त्या एका टीमला त्याच्यावर हक्क मिळतो, डब्ल्यूएचएलमधली दुसरी टीम त्याला घेऊ शकत नाही, इतकंच. तुमच्यावर कसलंही बंधन येत नाही. ऑगस्टच्या शेवटी तो कॅम्पला जाईल, आणि पंधराव्या वर्षी बहुधा कॅलगरीतच यू-१८ खेळेल, मधे एखाद-दुसऱ्या सामन्याला वर बोलावतील. पंधराव्या वर्षी पूर्ण हंगाम खेळायला खास परवानगी लागते. डब्ल्यूएचएलमध्ये ती पहिल्यांदा कॉनर बेडार्डला मिळाली, म्हणजे किती दुर्मीळ ते बघा. तेव्हा वहिनींना सांगा, निर्णयाला अजून वर्ष-दीड वर्ष आहे.

पण ते दीड वर्ष कशाचा विचार करण्यात घालवायचं, ते सांगते. सगळे आईवडील "एनएचएल होईल का" यावर बोलत बसतात. याचं उत्तर चौदाव्या वर्षी कुणालाच देता येत नाही, स्काउटलाही नाही. धंदा म्हणून हॉकी सोळाव्या वर्षीच सुरू होते, पगार सुरू व्हायच्या कितीतरी आधी. तुम्हाला ठरवायचंय ते त्या चार वर्षांचं.

ती चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरातून अशी दिसतात. हंगामात ६८ सामने. घरचा सामना असला की दुपारी दीडला जेवण, चिकन आणि पास्ता किंवा भात, भाज्या, भरपूर. मग झोप. सव्वाचारला सूट-टाय घालून पोरगं दारात उभं. सतराव्या वर्षाची मुलं कोट घालून रिंकवर जातात, तो नियमच आहे. त्याआधी बेसमेंटमध्ये बसून स्टिकला टेप गुंडाळायची: टाचेकडून टोकाकडे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून, मग वरून मेणाचा तुकडा घासायचा. एका मुलाच्या हातून मधे सुरकुती पडली तर तो पूर्ण टेप ओरबाडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही हे आमच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

बाहेरचा सामना असला की बस. रेजायना, सॅस्काटून, ब्रँडन हे जवळचे. ब्रिटिश कोलंबियाचा दौरा लागला की आठवडाभराहून जास्त बाहेर. शुक्रवारी रात्री मेडिसिन हॅटला सामना संपवून पहाटे तीन-चारला घरी. मी दिवा चालू ठेवते. आणि बसबद्दल इथल्या कुठल्याही घरात सहज म्हणून बोललं जात नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये हम्बोल्टच्या ज्युनिअर टीमच्या बसला अपघात झाला, १६ जणं गेली. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत प्रत्येक दाराबाहेर गेलेल्यांच्या आठवणीसाठी हॉकी स्टिक उभी होती. आमच्या घरी असलेल्या मुलाने स्वतःची ठेवली होती, सामन्याची.

शाळेचं बोलू. टीमचा शिक्षण सल्लागार असतो आणि तो खरोखर काम करतो, हजेरी बघतो, बसमध्ये अभ्यास करवून घेतो. बिघडतं ते ट्रेडला, म्हणजे टीमने मुलगा दुसऱ्या टीमला दिला की. आमच्याकडे मॅनिटोबाचा एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. जानेवारीत, ट्रेडची मुदत संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना फोन आला. पोरगं ताटावरून उठून जिन्यात गेलं, परत आलं ते पांढरंफटक. "मावशी, मला विकलं." (मला मावशी म्हणायला सगळ्यांनाच शिकवते.) दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याची बॅग गाडीत होती. भावनेचं सोडा, ते त्याने आठ दिवसांत पेललं. नव्या प्रांतातल्या शाळेचं वेळापत्रक वेगळं होतं, परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली, आणि त्याचं केमिस्ट्री दोन शाळांच्या मधे लोंबकळलं. शेवटी उन्हाळ्यात ऑनलाइन करून घ्यावं लागलं. त्याच्या आईने आणि मी फोनवर फोन करून ते मार्गी लावलं. म्हणून म्हणते, करार करताना विचारा: बारावीच्या वर्षात ट्रेड केला तर शाळेचं काय, आणि त्याचं उत्तर लेखी घ्या.

या चार वर्षांच्या बदल्यात मिळणारी ठोस गोष्ट म्हणजे शिष्यवृत्ती. डब्ल्यूएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाची कॉलेजची फी आणि पुस्तकं. चार हंगाम खेळला की पदवी झाली. ती ठराविक मुदतीत वापरावी लागते आणि वरच्या दर्जाचा व्यावसायिक करार झाला तर अटी बदलतात, त्या कलमावर बोट ठेवून वाचा. पगार असा नसतो, हातखर्चापुरते पैसे असतात.

आता पुढच्या पायऱ्या. अठराव्या वर्षी एनएचएल ड्राफ्ट. सात फेऱ्या, ३२ टीम, २२४ नावं, आणि ती साऱ्या जगातून. त्या दिवशी नाव न आलेली मुलं माझ्या सोफ्यावर बसलेली मी पाहिली आहेत. आणि ज्यांचं नाव येतं त्यांतलीही बरीच एनएचएलमध्ये एकही सामना खेळत नाहीत. एका टीमकडे सगळे धरून जास्तीत जास्त ५० करार, प्रत्यक्ष संघात २३ जण. विसाव्या वर्षी दुसरं दार: प्रत्येक डब्ल्यूएचएल टीमला वीस वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात. ऑक्टोबरात आकडा तीनवर आणावा लागतो. चौथा, चार वर्षं त्या गावासाठी खेळलेला, एका दुपारी मोकळा होतो. मला विचाराल तर अख्ख्या व्यवस्थेतली ही सगळ्यात कठोर दुपार आहे.

पण याच दारातून उलटंही होतं. व्हँकूवरजवळच्या सरेचा अर्षदीप बैन्स घ्या. अठराव्या वर्षी कुणी घेतला नाही, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षीही नाही. रेड डिअरच्या डब्ल्यूएचएल टीममध्येच राहिला, २०२१-२२ ला वीस वर्षांचा म्हणून खेळला आणि ६८ सामन्यांत ११२ पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलाला केलेली मदत मिळून) करून संपूर्ण डब्ल्यूएचएलमध्ये पहिला आला. मार्च २०२२ मध्ये एनएचएलच्या व्हँकूवर टीमने करार दिला. तरी थेट एनएचएल नाहीच. अ‍ॅबट्सफर्डच्या एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग) टीममध्ये दोन हिवाळे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिला एनएचएल सामना. त्यानंतरही वर-खाली चालूच. २०२५ मध्ये अ‍ॅबट्सफर्डने एएचएलचा काल्डर कप जिंकला तेव्हा तो त्या संघात होता, आणि कोच होते मॅनी मल्होत्रा. आमच्या टीमविरुद्ध तो खेळायला यायचा तेव्हा मी प्रत्येक वेळी रिंकवर गेले. आपल्यासारख्या रंगाचं पोर पक (रबरी चकती) घेऊन समोरच्याच्या हद्दीची निळी रेषा ओलांडताना पाहिलं की मी उभी राहायचे, आमची टीम हरत असली तरी.

पैशाचं वर-खाली म्हणजे काय ते समजून घ्या. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ ला ७ लाख ७५ हजार अमेरिकन डॉलर आहे. पण नवख्या मुलाचा करार बहुधा दुहेरी असतो. वर असेल त्या दिवसांचा एनएचएलच्या दराने, खाली एएचएलमध्ये असेल त्या दिवसांचा त्याच्या लहानशा तुकड्याच्या दराने. त्याखाली ईसीएचएल, तिथे पगार आठवड्याचा, काही शे डॉलर, राहायला टीमची खोली, आणि उन्हाळ्यात काहीच नाही.

आमच्या घरचा एक मुलगा त्या रस्त्याने गेला. ड्राफ्ट झाला नव्हता. ईसीएचएलमध्ये सही केली. एएचएलच्या टीमला दुखापती झाल्या की ट्रायआउट करारावर वर जायचा. तो करार २५ सामन्यांचा असतो, आणि मधेच कधीही "धन्यवाद" म्हणून परत पाठवतात. हॉटेलात सुटकेस न उघडता राहायचा. चांगला खेळायचा, तरी सव्विसाव्या वर्षी दार बंद व्हायला लागलं, आणि याचं कारण बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. एएचएलमध्ये सामन्याला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी (गोलकीपर सोडून बाकीचे) किमान १३ जण 'विकसनशील' असावे लागतात, त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या आत हवेत. ईसीएचएलमध्ये २६० च्या वरचे फक्त चार चालतात. म्हणजे मुलगा चार-पाच वर्षं टिकला, अनुभवी झाला, की तोच अनुभव त्याच्या विरुद्ध मोजला जातो. मग युरोप. हा स्लोव्हाकियात गेला, नंतर जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. घर आणि गाडी टीमची, करार एकेका वर्षाचा. आता तिशी ओलांडली आहे, लग्न झालंय, मुलगी आहे. दर मे महिन्यात फोन येतो: "मावशी, अजून सही नाही झाली." बायको नर्स आहे, पण प्रत्येक देशात नव्याने परवाना कोण काढणार, म्हणून ती घरी. तो सुखी आहे का? रिंकवर असतो तेव्हा आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. खांदा दोनदा शिवलाय.

दुसरा मुलगा, इथल्याच शेतकऱ्याचा. वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळला, कुठून फोन आला नाही, सॅस्काटूनला विद्यापीठात शिष्यवृत्तीवर कृषी शिकला, विद्यापीठाकडून हॉकीही खेळला. आता मातीचे नमुने तपासत फिरतो आणि गावातल्या पोरांना मंगळवारी शिकवतो. लोक याला "नाही जमलं" म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. तो पाच वर्षं हजारो लोकांसमोर खेळला आणि कर्ज न काढता पदवी घेऊन बाहेर पडला.

आमच्या घरातून एनएचएलपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. हे घाबरवायला लिहीत नाही. या मुलांनी आयुष्य फुकट घालवलं असं मला एकाबद्दलही वाटत नाही, पण ज्यांच्या आईवडिलांनी सोळाव्या वर्षी कागद नीट वाचले ती मुलं वीस-एकविसाव्या वर्षी ताठ उभी होती, हे मी पाहिलंय.

गोलीची_आई (मिसिसॉगा):

मावशी, फार मनापासून लिहिलंत. एक मुद्दा जोडते आणि थोडी असहमतीही.

कॅलगरीकर, तुम्ही ऐकलं असेल की डब्ल्यूएचएल किंवा ओएचएलमध्ये (आमच्या ऑन्टारिओची तशीच लीग) एक सामना खेळला तरी अमेरिकन कॉलेजचं दार कायमचं बंद. ते आता खरं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांच्या संस्थेने, नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या मेजर ज्युनिअरमधली (डब्ल्यूएचएल, ओएचएलसारख्या लीगमधली) मुलं अमेरिकेत पहिल्या डिव्हिजनला खेळू शकतात. मेडिसिन हॅटचा गॅव्हिन मकेना लगेच पेन स्टेटला गेला. याचा अर्थ सोळाव्या वर्षी "हे किंवा ते" असं निवडायची सक्ती उरलेली नाही. जुने लोक अजून जुनाच सल्ला देतात, सांभाळा. दुसरी बाजू अशी की कॉलेजच्या जागांसाठी आता वीस वर्षांची, मेजर ज्युनिअर खेळून आलेली मुलं रांगेत आहेत, त्यामुळे ज्युनिअर ए मधून (मेजर ज्युनिअरच्या खालची पायरी) थेट कॉलेजात जाणाऱ्यांची अडचण वाढली आहे.

असहमती अशी. आम्ही मुलाला सोळाव्या वर्षी पाठवलं नाही. गोली (गोलकीपर) उशिरा पिकतात, त्यामुळे आम्हाला ते सोपं गेलं. घरी राहून ज्युनिअर ए खेळला, अठराव्या वर्षी ओएचएलच्या कॅम्पला बोलावणं आलं तेव्हा गेला. दोन वर्षांत त्याच्या खेळाचं काही नुकसान झालेलं मला दिसलं नाही, आणि बारावीला त्याच्या ताटात घरचं जेवण होतं. डिफेन्सच्या मुलांचं गणित वेगळं असेल, पण वहिनींचं म्हणणं हॉकीच्या दृष्टीनेही चुकीचं नाही, एवढंच सांगायचंय.

आणि मल्होत्रांचा उल्लेख झालाय तर, ते आमच्या मिसिसॉगाचे. ओएचएलमध्ये ग्वेल्फला खेळले, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर घेतले. लोकांना वाटलं गोलांचा पाऊस पडेल. तसं झालं नाही. त्यांनी फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांच्या मधे टाकलेला पक) जिंकणं आणि समोरच्याचा उत्तम सेंटर (मधला आक्रमक) अडवणं हेच काम पत्करलं आणि त्यावर ९९१ सामने काढले. मार्च २०११ मध्ये डोळ्यावर पक बसला, शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याच वर्षी व्हँकूवरकडून एनएचएलच्या स्टॅनली कप फायनलमध्ये उतरले. मी मुलाला हीच कारकीर्द दाखवते. लहानपणी जो सगळ्यांत चांगला असतो त्याला वर गेल्यावर दुसरं, कमी चमकणारं काम शिकावं लागतं, आणि ते जो मनापासून शिकतो त्याला लोक ठेवून घेतात.

कॅलगरीकर_बाबा:

दोघींचे मनापासून आभार. काल रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने चार प्रश्न लिहून दिले, जसेच्या तसे देतो.

डोक्याला मार लागला तर टीम लपवते का? आपल्या रंगाच्या मुलाला ड्रेसिंग रूममध्ये काय ऐकावं लागतं? मुलाला तिथे राहवलं नाही तर परत आणता येतं का? आणि त्या फॅमिली अ‍ॅडव्हायझरला आत्ता पैसे द्यायचे का?

प्रेअरीतली_मावशी:

वहिनींनी नेमकं विचारलंय. क्रमाने सांगते.

डोकं. हंगामाआधी प्रत्येक मुलाची चाचणी घेऊन ठेवतात, म्हणजे मार लागल्यावर तुलना करता येते. नंतर टप्प्याटप्प्याने परत आणतात, प्रत्येक टप्प्यावर किमान एक दिवस, लक्षणं आली की मागे. मी पाहिलेले ट्रेनर याबाबत कडक होते. लपवतात ती मुलं स्वतः. जागा जाईल ही भीती असते. आमच्याकडचा एक दोन दिवस खोलीचे पडदे लावून बसायचा, जेवताना दिव्याकडे पाठ करायचा, आणि विचारलं की "झोप नाही झाली." मी ट्रेनरला फोन केला. पोरगं आठवडाभर माझ्याशी बोललं नाही, तीन आठवडे बाहेर बसलं. त्याच्या आईचा मात्र त्याच रात्री फोन आला. म्हणून बिलेट घर कसं आहे याला कोच कसा आहे याइतकंच महत्त्व द्या. डोकं दुखतंय हे पहिलं घरात दिसतं, रिंकवर नाही.

मानेचंही सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये सामना चालू असताना अ‍ॅडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. मिनेसोटाचा मुलगा, पिट्सबर्गकडून एनएचएलचे १३ सामने, मग स्वीडन, जर्मनी, नॉटिंगहॅम. वर ज्या रस्त्याबद्दल लिहिलं तोच त्याचाही रस्ता. त्यानंतर डब्ल्यूएचएलने गळ्याचं संरक्षण सक्तीचं केलं. मुलं कुरकुर करतात, गरम होतं म्हणून. तुमच्याकडे सवय आत्तापासून लावा, म्हणजे ते अंगावर आहे हेच त्याला जाणवणार नाही.

रंग. खोटं बोलणार नाही, ऐकावं लागतं. ड्रेसिंग रूममध्ये कमी, समोरच्या बेंचवरून आणि प्रेक्षकांतून जास्त. १९८९ ला वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरलेला रॉबिन बावा हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू, ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा. त्याच्या वेळी तर बर्फावर दुसरं कुणी तसं दिसायचंच नाही. आज कॅलगरी, एडमंटन, सरे इथून येणारी मुलं एकटी नसतात. आमच्याकडे एक पंजाबी मुलगा होता. एकदा बाहेरच्या रिंकवर त्याला घाणेरडं बोललं गेलं. त्याने सांगितलं नाही, कॅप्टनने कोचला सांगितलं, आणि कोचने सामना संपायच्या आत पंचांकडे नोंद करायला लावली. घरी आल्यावर तो मुलगा रडला तो त्या शिवीमुळे नव्हे. कॅप्टन आपल्यासाठी उभा राहिला म्हणून. कॅम्पला जाल तेव्हा कोचला सरळ विचारा, असं झालं तर तुम्ही काय करता? जो चाचरतो त्याच्याकडे पाठवू नका.

परत आणणं. येतं. ख्रिसमसला घरी गेलेली मुलं परत येताना रडवेली असतात, ते साहजिक आहे, त्यावर निर्णय घेऊ नका. पण ऑक्टोबरात फोनवर बोलणं कमी होतं, नोव्हेंबरात खाणं कमी होतं, हे दिसलं तर स्वतः गाडी काढून या. मी एका मुलाला असं परत पाठवलंय, त्याच्या वडिलांना मीच बोलावून घेतलं होतं. तो गावी ज्युनिअर ए खेळला आणि पुन्हा हसायला लागला. आणि घर बदलून हवं असेल तर टीमची बिलेट को-ऑर्डिनेटर असते, तिला सांगितलं की बदलतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

अ‍ॅडव्हायझर. चौदाव्या वर्षी पैसे मागत असेल तर फोन ठेवा. चांगले असतात ते पुढे मुलाचा व्यावसायिक करार झाल्यावर त्यातून आपला वाटा घेतात. डब्ल्यूएचएलचा खेळाडू करार तुम्ही स्वतः वाचू शकता, इंजिनिअर आहात. एकदा वकिलाला दाखवला तर तासाभराची फी जाईल, ती मात्र जाऊ द्या.

गोलीच्या आईंचं घरी ठेवण्याचं म्हणणं मला पटतं. सोळाव्या वर्षी जो शरीराने अजून पोरसवदा आहे तो इथे येऊन चौथ्या लाइनवर (सगळ्यात कमी खेळणारी फळी) किंवा स्टँडमध्ये बसतो, त्यापेक्षा घरी राहून दर सामन्याला वीस मिनिटं खेळलेला बरा. डिफेन्सच्या मुलांना तर अंग भरायला वेळ लागतो. टीमला विचारा, सोळाव्या वर्षी याला किती सामने खेळवाल? "बघू" म्हणाले तर एक वर्ष थांबा, हक्क कुठे जात नाही.

मे मध्ये कोणत्या टीमने घेतलं ते इथे कळवा. आजूबाजूच्या बऱ्याच गावांतली बिलेट मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्या गावात कोणाचं घर चांगलं ते विचारून सांगते. वहिनींना माझा नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवते. रविवारी दुपारी करा म्हणावं, मुलं झोपलेली असतात तेव्हा मला निवांत बोलता येतं.